आतल्याच्या खिशातला फ्यूज

लिफ्ट मिस्त्रीची बायको आयुष्यभर जिन्यानं चढली, हा त्या इमारतीतला जुना विनोद होता. घर चौथ्या मजल्यावर. लिफ्ट चालू होती आणि तिची निगा मिस्त्री स्वतः राखत, म्हणजे बंद पडल्याची सबबही नव्हती. तरी काकू दोन्ही हातांत पिशव्या घेऊन जिन्यानंच यायच्या. दुसऱ्या मजल्यावर पहिला दम, तिसऱ्यावर दुसरा. लिफ्टमधून वर जाणारी बिऱ्हाडं जाळीच्या दारातून विचारायची, काय काकू, मिस्त्रींच्या कामावर भरवसा नाही वाटतं? काकू हसायच्या आणि पुढची पायरी चढायच्या.

सगळी इमारत त्यांना काकू म्हणायची. मिस्त्रींना तोंडावर मिस्त्री आणि पाठीमागे ओळंबा. लिफ्टचे रूळ सरळ उभे आहेत का ते बघायला वरून वजन बांधलेली दोरी सोडतात, तो ओळंबा. घरातही मिस्त्रींनी तो छताला टांगलेलाच ठेवलाय असं लोक म्हणत. चपला एका रेषेत. डबे उंचीप्रमाणे. मुलाच्या वहीतला समास पट्टीनं मोजलेला, आणि चुकला तर पान पुन्हा. मुलगा सतराव्या वर्षी शिकायला बाहेर पडला तो परत राहायला म्हणून आला नाही. पोरगं हुशार निघालं, असं मिस्त्री चारचौघांत सांगत.

कामात मात्र मिस्त्रींकडे बोट दाखवायला जागा नव्हती. चौतीस वर्षं त्यांनी लिफ्टच्या शाफ्टमध्ये काढली. शाफ्ट म्हणजे तळापासून गच्चीपर्यंतची ती उभी काळोखी पोकळी. तिच्यात उतरायचा त्यांचा एक नियम होता आणि तो त्यांनी एक दिवसही मोडला नाही. गच्चीवरच्या मशीनरूममध्ये जायचं, मेन बंद करायचा, चिनी मातीचा पांढरा फ्यूज उपटायचा आणि खिशात घालायचा. मगच उतरायचं. फ्यूज आतल्याच्या खिशात. बाहेर कुणी कितीही शहाणा उभा असला तरी त्याच्या हातात द्यायचा नाही. आत जो लटकलाय त्याचा जीव, म्हणून फ्यूजही त्याचाच.

हा नियम कुठून आला ते काकूंना माहीत होतं. लग्नाला वर्ष व्हायचं होतं. मिस्त्रींचा जोडीदार, एक बुटका हसरा माणूस, सारखी शिट्टी वाजवायचा. त्यानं एकदा फ्यूज काढला आणि मशीनरूममध्ये बसलेल्या माणसाजवळ ठेवायला देऊन शाफ्टमध्ये उतरला. त्या माणसाला वाटलं, काम उरकलं. त्यानं फ्यूज लावला आणि मेन चढवला. त्या दिवशी मिस्त्री घरी आले तेव्हा शर्टावर ग्रीस होतं आणि जे ग्रीस नव्हतं तेही होतं. काकूंनी तो शर्ट तीन पाण्यांतून काढला, वाळत घातला आणि दुसऱ्या दिवसापासून जिना धरला.

मिस्त्रींनी काकूंच्या या भीतीला कधी भीती म्हटलं नाही. खोड म्हटलं.

ते निवृत्त झाले तरी एक जुना फ्यूज त्यांच्या विजारीच्या उजव्या खिशात असायचाच. विजार बदलली की फ्यूजही बदलीवर जायचा. काकू धुण्याआधी खिसे चाचपायच्या आणि तो काढून खिडकीत ठेवायच्या.

मुलगा फार लांबच्या शहरात होता. विमानानं चौदा तास. तिथंच त्यानं लग्न केलं, तिथंच त्याला मुलगी झाली. नात आठ महिन्यांची झाली तेव्हा त्याचा फोन आला. त्याला आणि सुनेला दोघांनाही सुट्टी नव्हती, पोरीला सांभाळायला घरचं कुणी असतं तर बरं झालं असतं, असं तो घुटमळत म्हणाला. पण आईला जमणार नाही हे त्यालाही माहीत होतं. आईला जबरदस्ती करू नका, बाबा, असं त्यानं दोनदा सांगितलं. आम्हीच येऊ दोनेक वर्षांनी.

मिस्त्रींना ते लागलं. लिफ्ट दुरुस्त होणार नाही, नवी घ्या, असं परक्या माणसानं सांगितलं की त्यांना लागायचं तसंच.

“तुझ्या आईला मी आणतो,” ते म्हणाले. “तू तिकिटं काढ.”

फोन ठेवून वळले तर काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या. फोनमध्ये नातीचा फोटो होता, तो त्यांनी मागून घेतला, बराच वेळ बघितला. पोरीच्या हनुवटीला खळी होती. मला बघायचंय हिला, काकू म्हणाल्या. मग हळूच विचारलं, पण मला जमेल का हो?

मिस्त्रींनी फक्त दुसरं वाक्य ऐकलं. त्यात बिघाड होता आणि बिघाड म्हटला की त्यांचे हात शिवशिवायचे. दिवस हातात चाळीस होते.

ते तिकिटं काढून देणाऱ्या माणसाच्या ऑफिसात गेले आणि विमानातली खुर्ची किती रुंद, पुढच्या खुर्चीपासून गुडघ्याला जागा किती, हे आकडे मागितले. एवढी वर्षं धंदा करून हे आपल्याला कुणी विचारलं नव्हतं, असं तो माणूस म्हणाला. हवं तर पायाला जास्त जागा असलेली सीट देतो म्हणाला. जास्त नको, बरोबर सांगा, मिस्त्री म्हणाले. घरी येऊन त्यांनी बोळातलं कपाट टेपानं मोजून पुढं ओढलं, दुसरं मागं लावलं आणि मधे खुर्ची ठेवली. दोन्ही बाजूंना फळ्या बांधल्या, हात टेकायला आणि बाजूच्या माणसाची अडचण भासवायला. मग काकूंना तिथं बसवलं.

पहिल्या दिवशी एक तास, मग दोन, मग चार. मिस्त्री स्टुलावर घड्याळ घेऊन समोर बसायचे. मधे उठायचं तर परवानगी. पाणी मागायचं तर ठरलेल्या वेळी. विमान सुटतानाचा आवाज अंगवळणी पडावा म्हणून त्यांनी जुना पाण्याचा पंप आणून कपाटामागे लावला. तो सुरू झाला की फळ्या थरथरायच्या, कपाटातले पेले एकमेकांवर आपटायचे आणि खालच्या मजल्यावरून कुणीतरी छताला काठी ठोकायचं. काकूंचे ओठ पांढरे पडायचे. मान वर, खांदे खाली, अशा सूचना मिस्त्री देत राहायचे.

“चाळीस वर्षं तुमच्यासमोर बसलेय,” काकू एकदा म्हणाल्या. “विमान काय, चौदा तासांत उतरवून तरी देईल.”

हे काकूंनी हसत म्हटलं होतं. मिस्त्रींनी घड्याळ बघितलं आणि बोलण्यात गेलेलं अर्धं मिनिट पुढं वाढवलं.

तिसऱ्या मजल्यावर एक नर्सबाई राहायच्या. त्यांची बहीण लांब देशी होती, दर दोन वर्षांनी त्या विमानानं जाऊन यायच्या. काठी त्यांच्याच घरातून ठोकली जायची. एक दिवस त्या वर आल्या, बोळातला तो सांगाडा आणि त्यात बसलेल्या काकू बघितल्या. मग म्हणाल्या, मिस्त्री, हे असं नसतं हो. घाबरणाऱ्या माणसाला बोलतं ठेवायचं. सावकाश श्वास मोजायला शिकवायचं. विमानातल्या बाईला आधीच सांगून ठेवायचं, की पहिलीच वेळ आहे. आणि हलायला लागलं की हात धरायचा, एवढंच.

“हात धरून शाफ्टमध्ये कुणी उतरत नाही,” मिस्त्री म्हणाले.

नर्सबाई दारापर्यंत गेल्या, तिथून वळून काकूंकडे बघितलं आणि दुपारी चहाला या म्हणाल्या. मिस्त्री दुपारी दोन तास जुन्या सोबत्यांकडे जाऊन बसायचे. त्या दोन तासांत काकू कुठं असतात याचा त्यांनी कधी पत्ता घेतला नव्हता, तेव्हाही घेतला नाही.

खुर्ची जमायला लागल्यावर मिस्त्रींनी लिफ्ट सुरू केली. आधी ते बरोबर असायचे. चौथ्यावरून तिसरा, चौथ्यावरून तळ, मग पुन्हा वर. पहिल्यांदा जाळीचं दार ओढलं तेव्हा काकूंनी भिंतीला पाठ लावून डोळे मिटले. आठवड्यानं डोळे उघडे राहू लागले. अडतीस वर्षांनी मिस्त्रीणबाई लिफ्टमध्ये, म्हणून इमारतीत हसणं झालं आणि मिस्त्रींनी ते कौतुक म्हणून घेतलं.

पण चाचणी झाल्याशिवाय त्यांचं समाधान व्हायचं नाही. नवी लिफ्ट बसवली की तिच्यात क्षमतेपेक्षा जास्त वजन भरून बघतात. माणसं बसतील तेवढ्यावर भागत नाही, वर काही राखून ठेवावं लागतं. विमान जमिनीवरून सुटून स्थिर होईपर्यंत अर्धा तास, असा मिस्त्रींनी हिशेब धरला. त्यावर दहा मिनिटं. चाळीस मिनिटं. आणि चाचणी सांगून घेतली तर ती चाचणी नव्हे, हेही त्यांचं जुनं मत.

एकतिसाव्या दिवशी दुपारी त्यांनी काकूंना एकटीनं लिफ्टनं खाली जाऊन दूध आणायला सांगितलं. इमारतीतली माणसं कामावर, नर्सबाई ड्यूटीवर. मिस्त्री जिन्यानं गच्चीवर गेले. मशीनरूमची किल्ली नव्या मिस्त्रीकडून त्यांनी आधीच मागून ठेवली होती. खाली दार लागल्याचा आवाज आला, मोटर फिरायला लागली, जाड तारदोर घसरू लागले. तिसऱ्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मधोमध लिफ्टचा पिंजरा आलाय हे त्यांना दोरावरच्या रंगाच्या खुणेवरून कळलं. त्यांनी मेन पाडला, फ्यूज उपटला आणि खिशात घातला. पिंजऱ्यातल्या दिव्याची लाइन वेगळी होती, ती चालू ठेवली. तेवढी काळजी त्यांनी घेतली होती.

मग ते उलट्या डब्यावर बसले आणि घड्याळ हातात घेतलं.

खालून दोनदा हाक आली. दोर जातात त्या भोकातून ती वर येत होती, लांबून, नळातून आल्यासारखी. अहो. मग थोड्या वेळानं पुन्हा, अहो. मिस्त्रींना त्या खोलीतल्या धुळीनं खोकला आला. त्यानंतर हाक आली नाही. मिस्त्रींनी ते चांगलं लक्षण धरलं. चाळीस मिनिटं म्हणजे चाळीस, एकोणचाळीस नाहीत. त्यांनी फ्यूज लावला.

ते घरी येऊन बसले आणि वाट बघू लागले. काकू दूध घेऊन वर आल्या. लिफ्टनंच आल्या. रडल्या नव्हत्या, केस सारखे होते. दुधाची पिशवी त्यांनी ओट्यावर ठेवली.

“झालं?” त्या म्हणाल्या.

मिस्त्री म्हणाले, झालं. त्या दिवसानंतर खुर्चीत काकू चौदा तास बसल्या आणि एकदाही पाणी मागितलं नाही. मुलाला फोन करून मिस्त्रींनी सांगितलं, तुझी आई तयार आहे.

विमान सकाळी दहाचं होतं. तपासणीच्या दारात मिस्त्रींचा खिसा वाजला. तिथल्या पोरानं फ्यूज उलटसुलट करून बघितला, दुसऱ्याला दाखवला. हे काय आहे, बाबा? मिस्त्रींनी सांगितलं. कशाला लागतं? याचं उत्तर मिस्त्रींना पटकन देता आलं नाही. ज्याचा उपयोग समजत नाही ती वस्तू ठेवून घ्यायची असा तिथला नियम होता आणि नियमाशी मिस्त्री कधी भांडले नव्हते. फ्यूज एका निळ्या टबात गेला.

खुर्च्या बरोबर निघाल्या, बोटभरही फरक नाही. काकू मधल्या खुर्चीत बसल्या, पट्टा स्वतः लावला. मिस्त्री खिडकीशी. विमान पळायला लागलं तेव्हा ते काकूंच्या तोंडाकडे बघत होते. काकूंनी डोळे मिटले होते, ओठ हलत होते. मग जमीन सुटली.

पायाखाली कुठंतरी जड काही घसरत गेलं आणि धाडकन बसलं. मिस्त्रींनी आवाज ओळखायचा प्रयत्न केला. ओळखू आला नाही. पंखाचा एक तुकडा आपोआप मागं सरकत होता, त्याच्या कडेला एक स्क्रू इतरांपेक्षा वर आलेला दिसत होता, किंवा तसा भास होत होता. चौतीस वर्षांत ज्या ज्या गोष्टीवर ते लटकले त्या प्रत्येकीचा नट त्यांनी स्वतः पिळलेला होता. इथं त्यांनी काहीच पिळलं नव्हतं. पुढं एका बंद दाराआड कुणीतरी बसलं होतं, त्याचं तोंडही बघितलेलं नाही. हात आपोआप उजव्या खिशात गेला. खिसा रिकामा होता.

जेवण आलं. काकूंनी सगळं खाल्लं, पांघरूण ओढलं आणि झोपल्या. मिस्त्रींनी ताटाला हात लावला नाही. तीन तास ते इंजिनाचा आवाज ऐकत बसले, तो बदलला की हाताची बोटं ताठ व्हायची. पाचव्या तासाला विमान हलायला लागलं. आधी खडबडीत रस्त्यासारखं, मग एकदम खाली. दोर तुटल्यावर पिंजरा जातो तसं. मिस्त्रींच्या घशातून एक आवाज निघाला. तो आपलाच आहे हे त्यांना जरा उशिरा कळलं.

काकू जाग्या झाल्या होत्या. त्यांनी मिस्त्रींकडे बघितलं. शर्ट छातीला चिकटलेला, दोन्ही मुठी खुर्चीच्या हातांवर आवळलेल्या, नखं पांढरी.

काकू काही विचारत बसल्या नाहीत. मिस्त्रींची डावी मूठ त्यांनी एकेक बोट करून उघडली आणि आपला हात आत दिला. चार मोजेपर्यंत आत घ्या, म्हणाल्या. आता सहा मोजेपर्यंत सोडा. घाई नाही. पुन्हा. मिस्त्री मोजत होते आणि मधेच आकडा चुकत होता, आकडा चुकणारा माणूस नव्हे तो. मग काकूंनी वाटेच्या पलीकडं हनुवटीनं दाखवलं.

“त्या बाईकडं बघा. चहा ओततेय. ती ओततेय तोवर काही झालेलं नाही.”

ती बाई खरंच चहा ओतत होती, एक हात खुर्चीला धरून, कंटाळलेल्या तोंडानं. मिस्त्री उरलेले नऊ तास तिच्याकडं बघत राहिले. ती आत गेली की दम कोंडायचा, बाहेर आली की सुटायचा. काकूंनी तिला बोलावून काहीतरी सांगितलं, त्यानंतर ती येता जाता मिस्त्रींकडं बघून मान हलवू लागली. काकूंनी हात सोडला नाही. कूस बदलतानाही नाही. हे सगळं तुला कुणी शिकवलं, असं मिस्त्रींनी एकदा विचारलं. नर्सबाईंनी, काकू म्हणाल्या. तुम्ही दुपारी बाहेर जायचात तेव्हा.

उतरताना मिस्त्रींनी कोट घातला, शर्ट झाकायला.

बाहेर मुलगा उभा होता, सून नातीला घेऊन. मुलगा आईला बिलगला. आई, तू आलीस, एवढंच तो दोन-तीनदा म्हणाला. मिस्त्री सामान धरून उभे होते. गाडीत बसल्यावर सुनेनं विचारलं, कसा झाला प्रवास? इथं खरं सांगायला काही लागत नव्हतं, पण मिस्त्रींनी सांगितलं ते असं: सुटताना ठीक होती. मधे विमान हललं तेव्हा पार घाबरली. घामानं कपडे भिजले. मग मी हात धरला, श्वास मोजायला लावले, चार आत, सहा बाहेर. चौदा तास हात सोडला नाही.

“बाबांनी कमाल केली,” सून म्हणाली.

काकू नातीच्या हनुवटीची खळी बोटानं चाचपत होत्या. त्यांनी वरही बघितलं नाही.

तीन महिने होते. मिस्त्रींनी मुलाच्या घरातली कुरकुरणारी दारं गप्प केली, कपाटं सरळ केली आणि नंतर सुनेनं कपड्यांच्या घड्या कशा घालाव्यात ते सांगायला लागले. मुलगा ऑफिसातून आला की आधी आईच्या खोलीत जायचा. घर अकराव्या मजल्यावर होतं. काकू नातीची ढकलगाडी घेऊन दिवसातून सहा वेळा लिफ्टनं खाली-वर करायच्या, हात भरलेले असले तर कोपरानं बटण दाबायच्या. एकदा मिस्त्रींना बंद होणाऱ्या दारातून त्यांचं हसणं ऐकू आलं. मोठ्यानं, तोंड उघडून. हा आवाज ओळखीचा होता, पण कधीचा ते त्यांना आठवेना.

परतीला आठ दिवस उरले तेव्हा जेवताना मुलानं विषय काढला. आईला राहू दे, बाबा. व्हिसाची मुदत वाढवून मिळते, मी चौकशी केलीय. पोरीला तिची सवय झालीय. मग तो थांबला, पाणी प्यायला आणि म्हणाला, तुम्हीही राहा, हवं तर. मधली फट केवढी होती ते मिस्त्रींनी बरोबर मोजलं.

तिला घरी यायचं असेल, मिस्त्री म्हणाले.

काकूंनी नातीच्या तोंडात घास दिला, हात पुसला.

“मला नाही जमायचं पुन्हा चौदा तास,” त्या म्हणाल्या. “ह्यांनाच विचार ना. केवढी घाबरले होते मी. कपडे भिजले होते. ह्यांनीच सांगितलंय.”

सगळे मिस्त्रींकडं बघायला लागले. मुलगा, सून, ती लहान पोरसुद्धा, तोंडात घास धरून. एक वाक्य पुरलं असतं. घाबरलो होतो ते मी. ते वाक्य मिस्त्रींच्या जिभेवर आलं, त्याचं वजन त्यांनी घेऊन बघितलं आणि त्यांना ते उचलवलं नाही. चौतीस वर्षांत कधी कुठलं वजन उचलवत नाही म्हणून त्यांनी खाली ठेवलं नव्हतं.

“हो,” ते म्हणाले. “घाबरली होती.”

निघायच्या आदल्या दुपारी काकू त्यांची बॅग भरत होत्या. शर्टांच्या घड्या मिस्त्रींना लागतात तशाच, कॉलर एका बाजूला. घरात नात झोपलेली आणि हे दोघे.

तू घाबरत नाहीस, मिस्त्री म्हणाले.

नाही, काकू म्हणाल्या.

मग?

काकूंनी मोज्यांचे जोड लावले. एक, दोन, तीन.

“त्या दिवशी लिफ्ट थांबली तेव्हा मी घाबरले,” काकू म्हणाल्या. “जीव जातोय असं वाटलं. मी हाक मारली. मग वर तुम्ही खोकलात.”

मिस्त्रींचा हात उजव्या खिशाकडे गेला.

“तो खोकला मी ओळखणार नाही? मग मी खाली बसले आणि हाक मारली नाही. भीती गेली माझी. तुमची चाचणी बरोबरच होती.” त्यांनी बॅगेची साखळी ओढली, ती कोपऱ्यात अडकली, मागं घेऊन पुन्हा ओढली. “तुम्हीच सांगायचात, फ्यूज आतल्याच्या खिशात असतो. त्या दिवशी आत मी होते.”

आतल्या खोलीत नात उठून रडायला लागली आणि काकू गेल्या.

परतीच्या विमानात मिस्त्रींच्या बाजूला एक तरुण माणूस होता, कानात इअरफोन घालून झोपलेला. त्याचा हात खुर्चीच्या दांड्यावर पडलेला होता, मिस्त्रींच्या हातापासून दोन बोटांवर. विमान हललं. मिस्त्रींनी चार मोजले, सहा मोजले. चहाची बाई त्या बाजूला फिरकली नाही. आपण घाबरलो आहोत हे तिला आधी सांगायला हवं होतं, आणि ते सांगणं मिस्त्रींना चौदा तासांत जमलं नाही.

इमारतीत दुपारी पोचले. बॅग त्यांनी लिफ्टमध्ये ठेवली, जाळी ओढायला हात घातला आणि काढला. बॅग पुन्हा बाहेर घेतली आणि जिना धरला. दुसऱ्या मजल्यावर पहिला दम. तिसऱ्यावर नर्सबाई दार उघडत होत्या. त्यांनी मिस्त्रींच्या मागं जिन्यात बघितलं.

काकू कुठंत?

“तिला विमान जमत नाही,” मिस्त्री म्हणाले. “भीती वाटते.”

नर्सबाई त्यांच्याकडं बघत राहिल्या. मग त्यांनी किल्ली फिरवली आणि आत गेल्या.

चौथ्या मजल्यावर घर उघडलं. तीन महिन्यांची कोंदट हवा होती. बोळात दोन कपाटांच्या मधे ती खुर्ची तशीच होती, फळ्या बांधलेल्या, पुढं जमिनीवर खडूची रेघ. निघायच्या गडबडीत काढायची राहिली होती. मिस्त्री बॅग ठेवून तिच्याकडं बघत उभे राहिले. मग फळीखालून वाकून आत शिरले आणि बसले.

गुडघे कपाटाला लागले. उजवी फळी बरगडीत रुतत होती, एक खिळा अर्धवट ठोकलेला, त्याचं डोकं कोपराखाली येत होतं. बरोबर जिथं हात ठेवावा तिथं. काकूंनी तिथं हात ठेवला होता, चौदा तास. कधी बोलल्या नव्हत्या.

मिस्त्रींनी बसवलेली प्रत्येक लिफ्ट आधी स्वतः चालवून बघितली होती, मगच माणसांना आत सोडलं होतं. ही खुर्ची तेवढी त्यांनी कधी बसून बघितली नव्हती. त्यांनी बोटानं खिळा चाचपला. हातोडी कुठं आहे ते त्यांना माहीत होतं. ते उठले नाहीत.